आबा असताना उतरलेली मिशी

आमचे हे घोरतात, ही काही गुपित गोष्ट नाही. गल्लीतल्या लहान पोरांनाही ती ठाऊक आहे. कुणी गुऱ्हाळाचं इंजिन म्हणतं, कुणी ट्रॅक्टर म्हणतं. लग्नाकार्यात मुक्काम पडला की ह्यांच्या शेजारी कुणी अंथरूण टाकत नाही. ह्यांनाही त्याचं काही वाटत नाही. फौजेत असताना तंबूतल्या जवानांनी ह्यांची खाट झोपल्या माणसासकट उचलून बाहेर ठेवली आणि हे सकाळी दवात भिजून उठले, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगतात. आल्यागेल्याला चहाबरोबर तो मिळतोच.

मी मात्र घोरण्याला कधी भ्याले नाही. घोरतंय म्हणजे माणूस आहे. मला भीती होती ती मधेच गप्प होण्याची. घोरता घोरता आवाज एकदम तुटायचा. पोट आतबाहेर व्हायचं, छाती ओढ घ्यायची, पण नाकातोंडातून वारा काही जायचा नाही. मी अंगावरचं पांघरूण मुठीत धरून वाट बघायची. मग बुडता माणूस पाण्यावर यावा तसा एक मोठा आचका यायचा आणि इंजिन पुन्हा सुरू. नाहीच आलं तर मी कोपरानं ढोसायची. ह्यांना सकाळी त्यातलं काही आठवायचं नाही. उलट मलाच विचारायचे, "तुझं तोंड का गं असं उतरल्यालं?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, नुकतीच निवृत्त झाले. वर्गात पाढे घेताना माझाच डोळा लागायचा आणि पोरं एकमेकांना दाखवून हसायची. नवऱ्याच्या श्वासावर पहारा देणारी बाई वर्गात पेंगते, हे मी हेडमास्तरांना कसं सांगणार होते?

आमचं गाव पलूसपासून फार लांब नाही. कृष्णेचं पाणी आहे, म्हणून ऊस आहे. मुलं नोकरीच्या गावी गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं. नव्वदीला टेकलेत, कान शाबूत आहेत, जीभ तर फारच शाबूत आहे.

मी निवृत्त झाले त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला हे पलूसहून मोटरसायकलवर येत होते आणि गाडी सरळ एकाच्या उसात घुसली. ऊस दाट होता म्हणून वाचले. अंगभर पाचटाचे ओरखडे घेऊन घरी आले आणि म्हणाले, "गाडी घसरली." मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम चालत जाऊन ती जागा बघून आले. मास्तरीण आहे मी, पोरांच्या थापा ओळखण्यात जन्म गेला. रस्ता तिथं वळतो. चाकाचा माग वळला नव्हता, घसरलाही नव्हता. पट्टीनं रेघ मारावी तसा सरळ उसात गेला होता. गाडी चालवता चालवता हे झोपले होते. त्या बांधावर उभं राहून मी रडले, आणि मग मला इतका राग आला की घरी येऊन मी ह्यांच्याशी बोललेच नाही, थेट मुलाला फोन लावून सांगलीच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली.

डॉक्टरांनी एक छोटं यंत्र देऊन घरी पाठवलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. ते बांधून हे एक रात्र झोपले. मग डॉक्टरांनी पडद्यावर त्या रात्रीची रेघ दाखवली. वर, खाली, वर, खाली, आणि मग सपाट. पुन्हा वर, खाली, आणि पुन्हा सपाट. डॉक्टर समजावत होते की झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकवून जागं करतो, रात्रभर हेच चालतं, हृदयावर फार ताण येतो. मी निम्मं ऐकतच नव्हते. मी त्या सपाट रेघेकडे बघत होते. ती मला ओळखीची होती. अंधारात पांघरूण मुठीत धरून मी हीच बघत आले होते आणि आज ती दुसऱ्या कुणाला तरी दिसत होती. मला वेड लागलेलं नाही, हे कळल्यावर माणसाला किती हलकं वाटतं!

"मग औषध?" मी विचारलं.

"औषध नाही. हवा," डॉक्टर म्हणाले. "मशीन हवा आत ढकलतं, त्या दाबानं वाट उघडी राहते. रोज झोपताना लावायचं."

"नुसती हवा?"

"नुसती हवा. पण रोज. आणि हे टाळू नका. असंच चालू राहिलं तर हृदय थकेल."

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसल्या बसल्या पेंगायला लागले आणि मी त्यांच्या छातीकडे बघत बसले. एवढा मोठा आजार आणि त्यावर उपाय काय, तर आपल्याच घरातली हवा. माझा विश्वास बसत नव्हता.

मशीन घेऊन सांगलीहून एक ताई आल्या. तोंडाला ओढणी गुंडाळून, स्कूटीवर, एवढ्या उन्हात. मशीन पुरवणाऱ्यांकडे त्यांचं कामच हे, घरोघरी जाऊन लोकांना ते लावायला शिकवायचं. त्यांनी आधी हात धुतले, पाणी प्यायल्या आणि मग कॉटवर एकेक वस्तू मांडली. आमच्या रेडिओएवढीच ती मशीन, एक लांब नळी, मऊ रबराचा मास्क, पट्टे. पाण्याची एक छोटी टाकीही होती, हवा ओलसर राहावी म्हणून. "बोअरचं पाणी नको हं काकू, क्षार बसतात. औषधाच्या दुकानात शुद्ध पाणी मिळतं ते घाला," त्या म्हणाल्या. आमच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला चढणारा पांढरा थर मला माहीत होता, जास्त सांगावं लागलं नाही.

हे मात्र फौजी थाटात होते. "ताई, आमी गॅसचा मास्क घालून पळाल्यालो हाय. ह्यो तर खेळणं हाय."

ताईंनी मास्क लावला, मशीन सुरू केली, आणि गॅसचा मास्क घालून पळालेल्या माणसानं दोन्ही हातांनी तो ओरबाडून काढला. "गुदमारतंय! कोणतरी तोंडात फुकतंय असं वाटतंय."

ताई हसल्या नाहीत. "पहिल्यांदा सगळ्यांना असंच होतं काका. आज झोपायचं नाहीच. दुपारी टीव्ही बघताना नुसता हातानं नाकाशी धरायचा. पट्टे नंतर. हवेशी भांडायचं नाही, तिला येऊ द्यायचं." आणि मग त्यांनी दुसरा एक मास्क नळीला जोडून माझ्यासमोर धरला. "काकू, तुम्हीही बघा, म्हणजे कळेल काकांना काय वाटतं ते."

मी तोंड पुढं केलं. गार, ओलसर वारा नाकात शिरला. मी श्वास घेतला नव्हता, तो स्वतःच आत आला होता. माझं माहेर पाटणकडचं. डोंगरातून खाली उतरताना तोंडावर असा वारा यायचा आणि आम्ही पोरी तोंड उघडून तो पीत पळायचो. इतक्या वर्षांनी तो वारा एका डब्यातून माझ्या घरात आला. मी डोळे मिटून घेतले. ताई म्हणाल्या, "त्रास होतोय का?" मी मानेनंच नाही म्हटलं.

हे दुपारी टीव्हीसमोर मास्क हातात धरून बसायला लागले. मग पट्टे बांधून. मग थोडा वेळ पडून. ह्यांचं नाक तरुणपणी फौजेतल्या बॉक्सिंगमध्ये मोडलेलं, म्हणून हे तोंडानंच श्वास घेतात, आणि म्हणून नाकापुरता छोटा मास्क चालेना. नाकतोंड दोन्ही झाकणारा मोठाच हवा होता. तिथून खरी पंचाईत सुरू झाली. मशीन लावली की गालाजवळून शिट्टी वाजायची. हवा निसटून डोळ्यांत जायची. डोळे लाल. हे पट्टे आवळत सुटले, इतके की सकाळी तोंडावर वळ उठायचे. श्वास पुन्हा तुटायला लागला आणि माझं कोपर पुन्हा कामाला लागलं.

एके सकाळी सांगलीहून ताईंचा फोन आला. "काकू, काकांच्या मास्कमधून हवा फार गळतेय. मला इथं दिसतंय."

मी फोन हातात घेऊन तशीच उभी. "तिथं दिसतंय?"

"मशीन माहिती पाठवते ना. किती वेळ लावली, श्वास किती वेळा थांबला, हवा किती गळली, सगळं."

हे शेजारून ओरडले, "म्हंजी आमी कवा झोपतूय ते सांगलीला कळतंय व्हय?" त्यांना ते अजिबात आवडलं नाही. मला मात्र भरून आलं. ज्या पहाऱ्यावर मी इतकी वर्षं एकटी होते, तिथं आता आणखी कुणीतरी उभं होतं. तेही माझ्या नात्याचं ना गोत्याचं.

ताई पुन्हा आल्या. मास्क हातात घेऊन त्याच्या मऊ कडेवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. "काका, ह्याला काय लावता?"

"कुठं काय?"

"ह्याला तुपाचा वास येतोय."

मला हसू आवरेना. ह्यांच्या मिशीचं आता सांगायलाच हवं. फौजेतून ह्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक लोखंडी पेटी आणि दुसरी ही मिशी. ओठावर मावत नाही, दोन्ही गालांवर पसरते आणि टोकाला पीळ खाते. रोज तिला घरचं म्हशीचं तूप लागतं. मास्क बसेना म्हटल्यावर ह्यांनी डोकं चालवलं होतं. विहिरीवरच्या पंपाचं गॅस्केट गळायला लागलं की त्याला ग्रीस लावून बसवतात, तसंच मास्कच्या कडेला आणि मिशीला तूप थापून मास्क बसवायचा! आणि हे सगळं मला न सांगता.

ताई आता मात्र मोकळेपणी हसल्या. "मी खोबरेल बघितलंय, क्रीम बघितलंय. तूप पहिल्यांदाच. काका, तेलतुपानं हे रबर खराब होतं, आणि घसरतं ते वेगळंच." त्यांनी रबर बदलून दिलं, साबणाच्या पाण्यानं रोज कसं धुवायचं ते दाखवलं, पट्टे सैल केले. तरी शिट्टी वाजलीच. मग त्यांनी जरा चाचरत म्हटलं, "काका, दोन्ही कडांची मिशी थोडी कमी केली तर? ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच. बाकी राहू दे."

बाहेर कट्ट्यावर आबांना खोकल्याची उबळ आली आणि हे तिकडे बघायला लागले.

आजकालची पोरं सफाचट फिरतात, त्यांना कोण विचारतंय. पण ह्यांच्या वयाच्या माणसांत अजून ते आहे. बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावायचा नाही. बाप गेल्यावर, सुतकात, डोक्याबरोबर ती उतरते. म्हणजे मिशी उतरली की गावाला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यातून आबांना पंधरवडाभर खोकल्यानं धरलेलं, बिचारे पारावरही जात नव्हते.

"न्हाई जमायचं," हे म्हणाले. "आबा हायत."

ताई सांगलीच्या असल्या तरी ह्याच मातीतल्या. त्यांना कळलं. त्यांनी आग्रह केला नाही. आणखी दोन प्रकारचे मास्क लावून बघितले, एक जरा बरा बसला, पण कूस बदलली की तोही गळायचा. जाताना मला दारात म्हणाल्या, "काकू, वाटेल तेव्हा फोन करा. पण सोडू देऊ नका."

ह्यांनी सोडलंच. त्या संध्याकाळी मशीन तिच्या पिशवीत भरून वर फळीवर ठेवून दिली. मी बघत राहिले. एका बाजूला ह्यांचं काळीज, दुसऱ्या बाजूला ओठावरचे केस, आणि ह्या माणसाला ठरवता येत नव्हतं. नाही, ठरवता येत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा आणि हे जेवायला बसलेले असताना ह्यांना घास हातात धरूनच डुलकी लागली. मान पुढं पडली, श्वास अडकला, आणि त्या आचक्यासरशी ताटली कलंडली.

माझा तोल गेला. मी आबांकडे वळले आणि म्हणाले, "आबा, तुमी जित्ते हायसा म्हणून हे मरायला निघाल्यात."

सून सासऱ्याला असं बोलते का? मलाच माझ्या जिभेची भीती वाटली. हे तर ताडकन उठले, "काय बोलतीस, शुद्ध हाय का तुला?" आबांनी फक्त हात वर करून त्यांना खाली बसवलं. मग राहिलेली भाकरी आमटीत कुस्करून सावकाश खाल्ली, ताटात पाणी घातलं, हात धुतले. मला म्हणाले, "नीट सांग. काय हाय ते सगळं सांग."

मी सांगितलं. उसात गेलेला चाकाचा माग सांगितला, ती सपाट रेघ सांगितली, कोपरानं ढोसणं सांगितलं, डॉक्टर हृदयाचं काय म्हणाले ते सांगितलं, मिशीपायी मास्क कसा गळतो ते सांगितलं. हे मान खाली घालून बसले होते. आबांनी एकच विचारलं, "किती वर्सं झाली ह्येला?"

"लय वर्सं."

"आन मला आज सांगतीस," एवढंच ते म्हणाले आणि काठी घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी निरोप धाडून न्हाव्याला बोलावलं. तो त्यांची दाढी करायला घरी येतोच, त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. आबांनी ह्यांना हाक मारली, सोप्यात पाटावर बसवलं आणि न्हाव्याला म्हणाले, "ह्येची मिशी काढ."

न्हावी आबांकडे बघतोय, ह्यांच्याकडे बघतोय. मग त्यानं पेटी बंद केली. "आवं आबा, काय बोलताय! हे काम माझ्याच हातनं व्हायचं हाय, पर तुमच्या मागं. तुमी म्होरं बसल्यालं असताना मी कसा हात लावू?"

"मी सांगतूय न्हवं?"

"तुमी सांगा न्हाईतर आणि कोण सांगू दे. माझा हात न्हाई उठायचा."

हेही उठायला लागले. आबांनी काठी आडवी धरली. "बस खाली. कातर दे इकडं," ते न्हाव्याला म्हणाले. न्हाव्यानं पेटीतून कातर काढली, आबांच्या हातात न देता पाटाजवळ जमिनीवर ठेवली आणि बाजूला सरकून बसला. आबांनीच वाकून ती उचलली.

आबांचा हात कापतो. चहाची बशी मी त्यांना निम्मीच भरून देते. तो हात कातर घेऊन लेकाच्या तोंडाशी आला आणि मी श्वास धरला. त्यांनी डाव्या हातानं ह्यांची हनुवटी धरली. साठीचा माणूस, फौज बघून आलेला, डोळे मिटून लहान पोरासारखा तोंड वर करून बसला. हात कापायचा थांबला असं मी म्हणणार नाही. तो कापतच होता. पण आबा थांबायचे, हात जरा स्थिर होऊ द्यायचे, आणि मग एक कच्च. पुन्हा थांबायचे. एका गालावरचा पीळ खाली पडला. मग दुसऱ्या. ह्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन आबांच्या अंगठ्यावर उतरलं. आबांनी ते पुसलं नाही.

"कडाच काढायच्या होत्या आबा," मी हळूच म्हटलं. "ओठावरची ऱ्हाऊ द्या म्हणल्या होत्या ताई."

"निम्मी ठिवून सोंग करायचं काय ह्येचं?" आबा म्हणाले. "काढायची तर पुरी."

तेव्हा न्हावी उठला. "सुरवात तुमी केलीया. आता उरल्यालं मी करतो," म्हणाला आणि त्यानं पाणी लावून वस्तऱ्यानं सगळं नीट साफ केलं. ह्यांचा वरचा ओठ मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितला. पातळ आहे, आणि एका बाजूला लहानपणीचा व्रण आहे. आबांना तो माहीत होता. "गोठ्यात पडला हुता," ते म्हणाले.

"आता ती मशीन लाव," त्यांनी मला सांगितलं. "इथंच. माझ्याम्होरं."

दुपार होत आली होती. मी सोप्यात गादी टाकली, फळीवरून मशीन काढली, टाकीत पाणी घातलं. मास्क लावला, पट्टे ताईंनी सांगितले होते तसे सैलच ठेवले. बटण दाबलं. मी शिट्टीची वाट बघत होते. शिट्टी आली नाही. हे थोडा वेळ छताकडे बघत राहिले, मग डोळे मिटले, आणि मग हाताची मूठ आपोआप उघडली.

हे झोपले. घोरणं नाही. आचका नाही. छाती वर येत होती आणि खाली जात होती, पुन्हा वर येत होती, आणि मधे कुठंही थांबत नव्हती. मला पहिल्यांदा भीतीच वाटली. मी सवयीनं वाकले, कोपर पुढं गेलं, आणि तसंच हवेत राहिलं, कारण ढोसायला काही कारणच नव्हतं. एवढी साधी गोष्ट. श्वास आत, श्वास बाहेर. गावातली कुत्रीमांजरं करतात, गोठ्यातली वासरं करतात. आणि मी तिथं बसून असं बघत होते की जणू माझ्यासमोर कुणीतरी पहिल्यांदाच श्वास घेत होतं. मी देवधर्म फारसा करत नाही. पण त्या दुपारी माझे हात आपोआप जोडले गेले, कुणाला ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांना, ताईंना, आबांना, का त्या हवेला!

आबा खुर्ची सरकवून जवळ आले. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यातून हवा बाहेर पडते. त्यांनी तिथं तळहात धरला.

"ह्यो ह्येचा श्वास व्हय?"

"व्हय आबा. आत मशीन ढकलती, मग हे बाहेर टाकत्यात."

आबांनी हात काढला नाही. हाताला थरथर सुटली की दुसऱ्या हातानं मनगट धरायचे, पण तळहात तिथंच. माझा चहा झाला, भांडी झाली, मी परत आले तरी हात तिथंच.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. आवाजच सांगत होता. "काकू, आज दुपारची झोप दिसतेय मला! गळती जवळजवळ नाहीच. श्वासही चांगला चाललाय. कसं जमवलं?" मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आता काही दिवस काका खूप झोपतील. झोपू द्या. इतक्या दिवसांची राहिलेली झोप असते ती."

तसंच झालं. हे रात्रभर झोपले, आणि त्यांच्या शेजारी मीही. पहाटे उठून टोपी घालून डेअरीला दूध घालून आले आणि येऊन मास्क लावून पुन्हा आडवे झाले. डेअरीवर कुणाशी बोलले का, असं मी विचारलंसुद्धा नाही. तेवढ्यात गावातल्या लोकांनी काय बघितलं? टोपीखालचं डोकं दिसत नाही. ओठ दिसतो. मिशी नाही. आणि आबा पंधरा दिवस पारावर आलेले नाहीत.

माझ्या फोनवर गावाच्या ग्रुपमध्ये टिंग टिंग सुरू झालं. बघते तर आबांचा कुठल्याशा लग्नातला फेट्यातला फोटो, खाली दोन दिवे, आणि भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली हात जोडलेल्यांची ही रांग. मी फोन घेऊन बाहेर धावले तोवर गल्लीतून माणसं यायला लागली होती. पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून पदर ओढलेल्या बाया, कुणाच्या हातात हार. पुढच्या म्हातारीनं अंगणात पाय टाकतानाच गळा काढला, "आबाऽऽ, कुठं गेलासा आबाऽऽ..."

आबा कट्ट्यावरच बसले होते. हातात बशी होती. ते घाईनं उठले, बशीतला चहा सांडला, आणि ओठावर बोट ठेवून त्यांनी सगळ्या गावाला गप्प केलं.

म्हातारीचा गळा मधेच थांबला. मागची माणसं तिच्यावर आदळली. कुणाला काही कळेना. हार घेऊन आलेल्यानं तो पाठीमागं लपवला.

"आबा, तुमी..." कुणीतरी म्हणालं. "आवं, मिशी उतरल्याली बघितली आमी. आमाला वाटलं..."

"कोण मेल्यालं न्हाई," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "मरू नये म्हणून काढलीया. म्याच काढली." आणि दाराकडे बघून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "रडायचं आसंल तर मी गेल्यावर या. आता हळू बोला. माझं पोरगं झोपलंय."